शिबाकोचा दुसरा भाग

नाही, पन मी म्हन्तो, पोरगी पाहाची असन तं घरी पाहा ना बाप्पा! सतरंजी टाका, पोहे करा, पोरीनं ट्रे घेऊन यावं, पोरानं मान खाली घालून दोन चमचे खावे, ‘सैपाक येते का?’, ‘येते’, झालं, संपलं, पिढ्याच्या पिढ्या निघाल्या याच्यावर! पन नाही. तुमाले सांगतो, आमच्या तिवस्याचे जानराव, संत्र्याचा बगीचा, दीड एकर शेवंती, साठीले टेकलेला मानूस, जलमात कोनासमोर आवाज चढवला नाही... या मानसाले पोरीनं सोयरीक जमवाले कुठं न्यावं? अकोल्याले! अकोल्यात कुठं? मॉलमधी! मॉलमधी कुठं? थेटरात! थेटरात काय पाहाले? जपानी कार्टून! त्यातही मानसाचं नाही, मानसावानी दिसनाऱ्या मशीनीचं! आन् त्यातही... ऐका, ऐका... पहिला भाग नाही, दुसरा! म्हंजे लग्नाले जायचं ते थेट पोरीच्या पाठवनीलेच पोचायचं, आन् सगळे रडून राहिले म्हनून आपनही रुमाल काढायचा! पहिला भाग कोनं पाहिला होता, बाप्पा?

आता पोरगी कोन, तं रागिणी. सव्वीस वर्साची, अमरावतीच्या एका दवाखान्यात एक्सरे काढते. मानसाच्या आतलं पाहाचं काम, तं बाहेरून दाखवलेल्या गोष्टीवर तिचा इस्वास कमीच. जानरावची मोठी बहीण मैनाबाई, बार्शीटाकळीची, तिनं सोयरीक आनली. पोरगा पियुष, अकोल्याले मोटरपंपाचे स्टार्टर दुरुस्त करते, सोताचं दुकान हाय. जानराव खुश, त्याची बायको मनकर्णाबाई खुश. पोरापोरीनं म्हटलं आमी फोनवर बोलून घेतो. बोलले. किती? दीड घंटा! मनकर्णाबाई दाराच्या आडून ऐकून राहिली, पगार सांगून राहिली का, सैपाक सांगून राहिली का... आन् पोरगी आतून म्हन्ते, ‘तुम्हीबी शिबाको पाहिला? खरंच? मी तं तीनदा!’

फोन ठेवला आन् बाहेर येऊन सांगते, ‘बाबा, पाहाचा कार्यक्रम घरी नाही. शिबाकोचा दुसरा भाग लागला हाय. अमरावतीत नाही लागला, अकोल्यात एकच शो हाय, शनिवारी सकाळी सव्वादहाचा. ते लोक तिथं येतीन, आपन तिथं जाऊ.’

मनकर्णाबाई म्हन्ते, ‘काय लागलं?’

‘शि-बा-को.’

‘शी! बायको? असं नाव ठेवते का वो कोनी?’

‘आई, जपानी नाव हाय ते! ती रोबोट हाय.’

‘म्हंजे मिक्सर?’

‘मिक्सर नाही वो आई, हुबेहूब बाई. चालते, बोलते, सैपाक करते, दुसऱ्याचं पाहून डोळ्यात पानी आनते.’

‘मंग बाईच झाली ना ते! मशीन कुठून झाली?’

रागिणी म्हने, ‘आई, हेच तं पाहाचं हाय त्या सिनेमात.’ आन् जानरावकडे फिरून म्हने, ‘बाबा, पोहे खाऊन मानूस काय समजते? ज्याच्या बाजूले अडीच घंटे अंधारात चूप बसता आलं, त्याच्या बाजूले जलमभर बसता येईन.’

जानराव हातातली टोपीच फिरवत बसला. पन काहून? थेटराचं दुख नव्हतंच त्याचं! त्याचं दुख निराळं होतं, तुमाले म्हनून सांगतो. चार वर्सांमांगं रागिणीची एक सोयरीक झाली होती. परतवाड्याकडचे लोक. साखरपुडा झाला, पेढे वाटले, आन् मंग पोराकडून निरोप आला, पोरीले नोकरी सोडा लागन. रागिणीनं काय करावं? अंगठी डबीत ठेवली, डबी पर्समधी ठेवली, बसमधी बसली, आन् त्यांच्या घरी जाऊन टेबलावर ठेवून आली. चहाही पेली नाही. आता पोरानं मोडलं असतं तं जानराव रडला असता, पन पोरीनं मोडलं म्हटल्यावर त्याले गावाले काय सांगावं हेच समजे ना. तं त्यानं सांगतलं, पत्रिका जुळली नाही. कोनी म्हटलं, ‘साखरपुडा झाल्यावर पत्रिका?’ तं म्हने, ‘मांगून पाहिली.’ चार वर्स! जो भेटन त्याले पत्रिका! आन् पियुषच्या मायबापाले तं त्यानं तेही नाही सांगतलं. त्याईले म्हने, ‘पहिलीच सोयरीक पाहून राहिलो.’ मनकर्णाबाई म्हने, ‘सांगून टाका.’ जानराव म्हने, ‘सांगू, जमल्यावर सांगू.’ म्हंजे त्याच्या घरचाही पहिला भाग कोनं पाहिला होता, बाप्पा? त्यानंच झाकून ठेवला होता!

शनिवारी निघाले तिघं. तिवस्याहून पहिली बस, अमरावतीले दुसरी, बडनेरा, मूर्तिजापूर... आन् मनकर्णाबाईच्या मांडीवर हा एवढा स्टीलचा डबा. डब्यात काय? पोहे! ती म्हने, ‘सिनेमा तुमचा, रोबोट तुमचा, पन पोहे झालेच पाहिजे. पोह्याबिगर पाहनं म्हंजे काय झालं?’ थेटराच्या दारात गार्डनं अडवलं.

‘मावशी, बाहेरचं खानं चालत नाही.’

‘बाहेरचं कुठं हाय? घरचं हाय!’

गार्ड म्हने, ‘मावशी, घरचं म्हंजेच बाहेरचं.’ आता हे कोनत्या शाळेत शिकवते? मनकर्णाबाईनं वाद नाही घातला. फक्त झाकन उघडलं. तळलेले शेंगदाने, वरून हिरवागार सांबार, म्हंजे तुमची कोथिंबीर, लिंबू... गार्ड निघाला तेल्हाऱ्याचा, म्हंजे आपल्याच वऱ्हाडचा. दोन मिनिटं डब्याकडे पाहिलं, मंग म्हने, ‘मावशी, मी जरा तिकडं पाहून राहिलो.’ आन् तिकडं पाहता पाहता हात इकडं केला. कागदी पेल्यात भरून देल्ले पोहे.

आत पाहुने आले होते. पियुषचे वडील सहदेवराव, भाजीपाल्याची वाडी, बोलनं कमी. बोलनं कमी म्हंजे किती, तं ‘राम राम’ म्हटलं आन् थकले. आई शकुनबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्स शिकवून रिटायर झालेली हेडमास्तरीन! पाहताच जानरावचा हात आपोआप नखं दाखवाले समोर आला होता, मांगं घेतला. आन् पियुष? पियुष बापावर गेलेला. रागिणीकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला, म्हने, ‘ई रांगेत हाय आपली जागा.’ बस!

पोरं दोघं समोरच्या रांगेत, चारी बुजुर्ग मांगच्या रांगेत. बाकी थेटरात कोन? कॉलेजची पंधरा-वीस पोट्टे-पोट्ट्या, कोनाचे केस निळे, कोनाचे गुलाबी, एकीनं तं जपानी झगा घातला होता. जानराव मनात म्हने, याईच्या लग्नाचे पोहे कुठं होतीन?

लाइट गेले, सिनेमा सुरू. जपानी भाषा! खाली इंग्रजी अक्षरं, तेही दिसले नाही का गेले, दिसले नाही का गेले. जानरावचं इंग्रजी खताच्या पोत्यावरचं, तो एक शब्द लावे तोवर पडद्यावरचं गाव बदले! पन शकुनबाई? बत्तीस वर्स! तिनं चष्मा वर केला आन् श्रुतलेखन घातल्यावानी मोठ्यानं सुरू केलं, ‘मी. या बेटावर. नवीन. आले आहे. मला. काम. मिळेल का?’ समोरून शूऽऽ! शकुनबाई म्हने, ‘कोण बोललं रे?’ आन् निळ्या केसाचा पोट्टा, काय सांगू, उभा राहून म्हने, ‘सॉरी मॅडम!’

तं गोष्ट अशी होती. समुद्रातलं बेट, धुकं, मासोळ्याचं जाळं विननारा एक गरीब मानूस, त्याची म्हातारी माय. आन् नावेतून उतरते ही शिबाको. साधी, गोरी, डाव्या मनगटाले फडकं गुंडाळलेलं. बेटावर कोनालेच मालूम नाही का हे मशीन हाय. ती जाळं विनते, म्हातारीचे पाय दाबते, पंगतीत जेवाले बसते.

जानराव हळूच म्हने, ‘जेवते तं ते जाते कुठं?’

आन् सहदेवराव बोलले! सकाळपासून पहिल्यांदा! म्हने, ‘सिंगल फेज हाय का थ्री फेज?’

‘मालूम नाही बाप्पा.’

‘थ्री फेजच असन. एवढं काम सिंगलवर नाही होत.’ आन् पुन्हा चूप. मांगच्या गोष्टी विचारा, ही कोनं बनवली, इथं काहून आली, मनगटाले काय झालं, तं समोरच्या सगळ्या पोट्ट्याईले मालूम, आन् मांगच्या रांगेत चौघंही कोरे! पहिला भाग कोनं पाहिला होता, बाप्पा?

आता इथं ध्यान द्या. शूऽऽ झाल्यापासून शकुनबाईनं आवाज बारीक केला होता, कानात सांगून राहिली होती. पडद्यावर ते म्हातारी शिबाकोचं फडकं सोडते. मनगट तडकलेलं, आतून बारीक उजेड येऊन राहिला. मस्त चूप थेटर. आन् शकुनबाई जानरावच्या कानाशी झुकून, एकदम हळू, एकदम गंभीर विचारते, ‘जानरावजी... हिचं पहिल्या वेळी मोडलं कशामुळे हो?’

झालं! जानरावनं बाजूले पाहिलं तं शकुनबाईचा चष्मा चमकून राहिला, समोर पाहिलं तं बरोब्बर नाकाच्या सिधाईत रागिणीची वेनी. त्याले वाटलं, मालूम पडलं! बत्तीस वर्स शिकवलेली मास्तरीन, मैनाबाईनं सांगतलं असन, परतवाड्याच्यानं सांगतलं असन! आन् चार वर्स दाबून ठेवलेलं ते असं उसळून आलं का विचारू नका. थेटर हाय, अंधार हाय, सगळं विसरला, आन् जलमात आवाज न चढवलेला मानूस तारस्वरात बोलला, ‘ताई, पत्रिकेचं खोटं हाय! पोरीनं मोडलं! त्याईनं नोकरी सोड म्हटलं, हिनं अंगठी वापस केली! साखरपुडा झाला होता ताई, मी लपवलं, पेढेबी वाटले होते!’

पडद्यावर शिबाको थांबली का काय असं वाटलं! रागिणी मांगं वळली. पियुष मांगं वळला. निळे केस, गुलाबी केस, सगळे मांगं वळले. आन् शकुनबाई म्हन्ते, ‘अहो... मी त्या बाईच्या मनगटाचं विचारलं.’

आन् नेमकं, नेमकं त्याच घडीले... इंटरव्हल! लाइट चालू! भक्कन! जानराव उभा, हात जोडलेले, तोंड उघडं, आन् वरून एसीची हवा. लपाले अंधारही ठेवला नाही लेकाच्यांनी!

शकुनबाईनं चष्मा काढला. पुसला. घातला. हेडमास्तरनीनं चष्मा पुसला म्हंजे काय होते हे ज्यानं शाळा शिकली त्याले मालूम. म्हने, ‘जानरावजी, तुम्ही आम्हाला सांगितलं, पहिलीच सोयरीक.’

‘हो ताई.’

‘म्हणजे खोटं सांगितलं.’

‘हो ताई.’

पियुष म्हने, ‘आई, मले रागिणीनं पहिल्याच फोनवर सांगतलं होतं.’

‘तू चूप. तुलाही पाहते नंतर.’

रागिणी उठून आली. पन बापाकडे पाहत नव्हती, खुर्चीच्या पाठीकडे पाहून राहिली होती. चार वर्स त्या घरात हा विषय निघाला नव्हता, तुमाले सांगतो. अंगठी वापस करून आली त्या दिवशी बापानं एकच म्हटलं होतं, ‘आता लोकाले काय सांगू?’ बस. बरं केलं म्हटलं नाही, वाईट केलं म्हटलं नाही. पोरगी ते गिळून बसली होती आन् एक्सरे काढून राहिली होती.

जानरावनं टोपी काढली. म्हने, ‘ताई, पोरीनं बरोबरच केलं. नोकरीसाठी ते रोज पहाटे उठून अभ्यास करत होती, मी पाहात होतो. त्याईनं एका निरोपात सोड म्हटलं. मी बाप होतो, तिच्याआधी मी जाऊन अंगठी वापस करा लागत होती. नाही गेलो. ते एकटी गेली बसमधी. आन् मी इथं तिथं पत्रिका, पत्रिका... लाज मले पोरीची नव्हती ताई, लोकाची होती. तुमाले सोयरीक नाही करायची तं नका करू. पन पोरीत खोट हाय म्हनून नको, बापात हाय म्हनून.’

रागिणीनं आता बापाकडे पाहिलं. पदर नव्हता, ओढनी होती, त्या ओढनीनं डोळे पुसले, आन् मंग बापाच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली. वाकडी. मनकर्णाबाईले तं हुंदकाच आला, ती म्हने, ‘माह्या डोळ्यात काहीतरी गेलं वो,’ दोन्ही डोळ्यात एकाच वक्ती!

शकुनबाई समोर पॉपकॉर्न घेऊन वापस येनाऱ्या पोरांकडे पाहून म्हने, ‘माझ्या शाळेत पोरं पाढे चुकायची, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण पाटी लपवली की छडी मिळायची. जानरावजी, पाटी लपवलीत तुम्ही.’

‘हो ताई.’ आन् खरंच हात समोर केला बिचाऱ्यानं!

शकुनबाईले हसू आलं. दाबलं, पन आलं. म्हने, ‘खाली घ्या हात. बसा. आपण दुसरा भाग पाहायला आलो ना? सुरू होतो आहे.’

सहदेवराव म्हने, ‘मी म्हनलो होतो, थ्री फेजच हाय.’ आता याचा कशाशी काय संबंध? पन घराचे कर्ते पुरुष बोलले, म्हंजे मंजुरीच समजा लागते!

आन् मंग जो दुसरा अर्धा झाला नं भाऊ! डब्बा उघडला. अंधारात पोहे निघाले. चमचा एक, मानसं सहा, समोरून मांगं, मांगून समोर, निळ्या केसाच्या पोट्ट्यानं मान वळवून वास घेतला तं मनकर्णाबाईनं त्यालेही मूठभर देल्ले. शकुनबाई तोंडात पोहे ठेवून वाचून राहिली, आन् आता कोनी शूऽऽ करे ना, उलट समोरच्या कोपऱ्यातून एक पोट्टी म्हने, ‘मॅडम, जोरात!’

बेटावर बोभाटा झाला का शिबाको मशीन हाय. सारा गाव जमला. जान्ता एक म्हातारा म्हने, राहू द्या हिले, कामाची हाय, पन हिच्या डोस्क्यातलं जुनं सगळं पुसून टाका, पहिलं घर, पहिली मानसं, सगळं, म्हंजे ती नवी होईन, आपली होईन. कळ दाबाले हात समोर आला. शिबाको बोलली, आन् शकुनबाईनं वाचलं, आन् वाचता वाचता त्या बाईचा आवाज फाटला, ‘पुसलं तर मी नवी होईन. पण ती मी नसेन.’

जानराव उभा! बापाची शपथ! बोट पडद्याकडे करून, ‘नको पुसू देऊ वो! हात लावू नका तिले! जुनं हाय ते तिचं हाय!’ आन् अख्खं थेटर उठलं, टाळ्या, शिट्ट्या, निळे, गुलाबी, सगळे वरडून राहिले, ‘काका! काका!’ जाळेवाल्यानं म्हाताऱ्याचा हात धरला, शिबाको राहिली तशीच राहिली, तडकलेल्या मनगटासगट, आन् ज्या मानसानं संत्र्याची गळ झाली, अर्धा बगीचा मातीत पडला, तवा डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं तो कार्टूनपायी टोपीत तोंड घालून रडला. रागिणी समोरून हसून राहिली होती, रडून राहिली होती, आन् तिच्या बाजूले पियुष... पियुष एवढाच बोलला, ‘रुमाल.’ आन् देल्ला.

बाहेर आले. पार्किंगमधी उभे. आता पोराकडच्यांनी काही बोलावं म्हनून मनकर्णाबाई रिकामा डबा कवटाळून. पियुष समोर आला, कान लाल, जानरावले म्हने, ‘काका, पहिला भाग मोबाइलवर लावून देऊ?’

बस्स! दुसऱ्या कोन्या पोरानं पाया पडून विचारलं असतं तरी एवढं झालं नसतं. जानरावनं त्याले तिथंच छातीशी धरलं. शकुनबाई म्हने, ‘फाल्गुनातला मुहूर्त पाहा. आणि जानरावजी, पत्रिका पाहायची नाही!’

तिवस्याले येऊन नवराबायकोनं चार दिवस राती पहिला भाग पाहिला. रागिणीनं बाजूले बसून एक एक ओळ सांगतली. आता विचारा कोनी! आता चौकात जो भेटन त्याले जानराव पकडून सांगते, शिबाको कोनं बनवली, मनगट काहून तडकलं... लोक म्हन्ते, ‘जानराव, काय बोलून राहिला समजत नाही,’ तं हा छाती फुगवून म्हन्ते, ‘कसं समजन? पहिला भाग पाहिला नाही ना तुमी!’

आन् लग्न झालं, फाल्गुनात, धूमधडाक्यात. जानरावनं लग्नात माइकवर सोता सांगतलं, हे पोरीची दुसरी सोयरीक हाय आन् पहिली तिनं मोडली. गावानं दोन मिनिटं एकमेकाकडे पाहिलं, आन् मंग पंगत बसली. कोनाचं काही अडलं नाही. चार वर्स उगाच पत्रिका!

पन पियुषच्या दोस्तांनी एक केलं. फोटो काढाले म्हनून मांडवाच्या दारात शिबाको आनून उभी केली, पुठ्ठ्याची, पाच फूट, हात जोडलेली. आता मैनाबाईच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. ती म्हने, ‘या पाहुनीले सकाळपासून कोनी बस म्हनत नाही, पानी विचारत नाही, काय ही रीत!’ गेली हळदीकुंकू घेऊन. कुंकू लावलं, खन-नारळ घेऊन ओटी भरली, पाया पडली, आन् म्हने, ‘किती गुनाची बाई, एक शब्द बोलली नाही.’

वरात अकोल्याले गेली. रागिणी गेली. दोस्त आपले नाचत गेले. आन् शिबाको? राहिली ना इथंच! सध्या जानरावच्या बैठकीत, कुलरच्या बाजूले, कपाळावर कुंकू घेऊन उभी हाय. दूधवाला तिले नमस्कार करते. लाइनमन बिल द्याले आला तो घाबरून बिल तिच्याच पायाशी ठेवून गेला. परवा जानराव म्हने, जागा अडून राहिली, देऊन टाकू रद्दीवाल्याले. मनकर्णाबाईनं असं पाहिलं त्याच्याकडे... आता रोज संत्रे मोजत बसते बिचारा शिबाकोच्या नजरेसमोर. तुमीच सांगा बाप्पा, ओटी भरलेल्या बाईले भंगारात कोन देते?